फिटनेस वॉटरची बाटली आधी फिरवून बघा

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. आम्ही साताऱ्यात, गोडोलीत राहतो. मुलगी एकोणीस वर्षांची आहे, पोलीस भरतीची तयारी करतेय. अकॅडमीतल्या पोरी पितात म्हणून तिनंही ते निळं 'फिटनेस वॉटर' सुरू केलंय. मिस्टरांना यंदा हिल हाफ मॅरेथॉन धावायची आहे, ते दर रविवारी यवतेश्वरचा घाट चढतात. त्यांची बाटली वेगळी, 'झीरो शुगर'वाली. सासऱ्यांना बीपीची गोळी चालू आहे. रोज अजिंक्यतारा चढून येतात आणि 'यात इलेक्ट्रोलाईट असतं' म्हणून मिस्टरांच्या बाटलीतलं अर्धं तेच संपवतात. आठ वर्षांचा धाकटा तर फ्रीज उघडला की सरबत समजून पितो. साखर नाही म्हणतात तरी हे गोड कसं लागतं? दुकानदार म्हणतो, 'ओआरएसच आहे हो हे, बिनधास्त प्या.' मागची अक्षरं इतकी बारीक की मोबाईलनं फोटो काढून मोठा करून वाचावं लागलं. दोन्ही बाटल्यांवरचा मजकूर सोबत उतरवून पाठवतेय. एक बाटली पन्नास रुपयांची, महिन्याचा हिशोब केला की डोकं फिरतं. हे नक्की पाणी, औषध की कोल्ड्रिंक? कुणी प्यावं, कुणी नाही? आणि मिस्टरांचे मित्र पुण्याहून परदेशी बाटल्या आणतात, त्यांचं काय?
– एक वाचक, सातारा

सल्ला

नमस्कार. दोन्ही लेबलं शब्दन् शब्द उतरवून पाठवलीत, माझं निम्मं काम तिथेच झालं. एरवी पत्रात 'ते निळं पाणी चांगलं असतं का?' एवढाच प्रश्न असतो आणि मला अंदाजानं उत्तर द्यावं लागतं. खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत लेबलं तपासण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत. बाटली हातात आली की आधी फिरवायची, हा हात तिथेच बसला. समोरच्या बाजूला सरसकट खोटं लिहिलेलं असतं असं नाही. पण समोर काय सांगायचं ते कंपनी ठरवते आणि मागे काय सांगायचं ते कायदा ठरवतो. म्हणून आपण मागचं वाचायचं.

पाणी, औषध की कोल्ड्रिंक, याचं उत्तर सरकारच्या कर खात्यानं आपल्यासाठी आधीच देऊन ठेवलंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले. साध्या बाटलीबंद पाण्यावर, म्हणजे ज्यात साखर नाही, दुसरी कसली गोडी नाही आणि चवही घातलेली नाही अशा पाण्यावर, ५ टक्के. गोडी किंवा चव घातली की ४० टक्के, म्हणजे कोल्ड्रिंकच्याच रांगेत. पुढे 'वॉटर' लिहा नाहीतर 'हायड्रेशन'. तुमच्या पन्नास रुपयांत पाण्याचे किती आणि कराचे किती, हे यावरून कळेलच.

आता लेबलाकडे वळू. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायची असते, जे सर्वांत जास्त ते पहिलं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, २०२० च्या लेबलिंग नियमांत हे स्पष्ट आहे. मिस्टरांच्या बाटलीची यादी तुम्ही अशी लिहिली आहे: पाणी, आम्लता नियंत्रक (३३०, ३३१), मिनरल्स, स्वीटनर (९५५, ९५०), प्रिझर्व्हेटिव्ह (२०२, २११), व्हिटॅमिन्स (बी, सी), आणि शेवटी 'नेचर आयडेंटिकल फ्लेवर'. हे आकडे पाहून घाबरू नका. प्रत्येक आकडा म्हणजे एका पदार्थाचा जगभर चालणारा नंबर. ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात ढोकळ्यासाठी लिंबूसत्त्व म्हणून मिळतं तेच. ३३१ हा त्याचाच सोडियमचा क्षार, तो आंबटपणाची धार कमी करतो.

इथे धंद्यातली एक खूण सांगते. अशा पेयांत सायट्रिक ॲसिड साधारण हजार भागांत एक ते तीन भाग असतं. त्यामुळे यादीत त्याच्या मागे जे जे आलं ते त्याहूनही कमी. बाटलीवर रसरशीत संत्रं किंवा डाळिंब असेल आणि यादीत त्या फळाचा रस सायट्रिक ॲसिडच्या मागे असेल, तर ते फळ फक्त चित्रापुरतं. तुमच्या बाटलीवर लिंबाच्या दोन फोडी आहेत म्हणता. यादीत लिंबू कुठेच नाही. 'नेचर आयडेंटिकल' म्हणजे लिंबात असतात तीच रसायनं, पण कारखान्यात तयार केलेली. त्यात विषारी काही नाही. फक्त लिंबाचे पैसे देतोय असं समजू नका.

साखर नसून गोड का, तर ९५५ आणि ९५० मुळे. ९५५ म्हणजे सुक्रॅलोज, साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड. ९५० म्हणजे एसीसल्फेम पोटॅशियम, सुमारे दोनशे पट. एकाची जिभेवर मागे रेंगाळणारी चव दुसऱ्यानं झाकली जाते, म्हणून दोघं बहुधा जोडीनंच येतात. इतकी तीव्र गोडी असल्यामुळे अर्ध्या लिटरला चिमूटभरही लागत नाही. म्हणूनच समोर 'झीरो' छापता येतं. तेही आपल्याकडे मनाला येईल तसं छापता येत नाही. 'शुगर फ्री' म्हणायचं तर १०० मिलीत अर्ध्या ग्रॅमहून जास्त साखर चालत नाही, असा २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांत आकडा आहे.

हे स्वीटनर धोक्याचे आहेत का, असं तुम्ही विचारलं नाहीत. पण घरात कुणीतरी व्हॉट्सॲपवर आलेलं वाचून विचारेलच. सुक्रॅलोज आणि एसीसल्फेम या दोन्हींची रोज घेण्याची सुरक्षित मर्यादा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीनं शरीराच्या दर किलोमागे १५ मिलिग्रॅम धरली आहे. साठ किलोच्या माणसाला झाले ९०० मिलिग्रॅम. दिवसाला एका बाटलीत तिथवर पोचणं कठीण. २०२३ मध्ये कर्करोगाच्या बातम्या आल्या त्या ॲस्पार्टेमबद्दल होत्या. तो नंबर ९५१, आणि तुमच्या दोन्ही बाटल्यांत तो नाही. पण त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मात्र बातम्यांत मागे पडली. वजन आटोक्यात ठेवायला म्हणून असे स्वीटनर वापरू नका, कारण लांबच्या पल्ल्यात त्यानं वजन कमी राहतं असं दिसत नाही. 'झीरो शुगर आहे, दोन प्या' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

प्रिझर्व्हेटिव्हचं थोडं खोलात जाऊन सांगते, कारण इथे तुम्हाला दुकानात खरोखर काही करता येतं. २०२ म्हणजे पोटॅशियम सॉर्बेट, २११ म्हणजे सोडियम बेंझोएट. बुरशी आणि यीस्ट वाढू नये म्हणून घालतात, दोन्ही परवानगीतले. मात्र सोडियम बेंझोएट आणि व्हिटॅमिन सी एकाच बाटलीत असले आणि ती उन्हात तापत राहिली, तर त्यातून अगदी अल्प प्रमाणात बेंझीन तयार होऊ शकतं. बेंझीन कर्करोगकारक आहे. वीस वर्षांपूर्वी अमेरिकेत या कारणानं शीतपेयांची तपासणी झाली. बहुतेकांत ते नगण्य निघालं, काही कंपन्यांनी घटक बदलले. तुमच्या मिस्टरांच्या बाटलीत ही दोन्ही आहेत. तेव्हा दुकानाबाहेर उन्हात रचलेल्या क्रेटमधली बाटली घेऊ नका, आतल्या रॅकवरची मागा. आणि गाडीच्या डॅशबोर्डवर पडून तापलेली बाटली संध्याकाळी फ्रीजमध्ये टाकून पुन्हा प्यायची नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत हात ठेववत नाही, हे मी साताऱ्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

व्हिटॅमिन बी आणि सी पाण्यात विरघळणारे, शरीराला लागतात त्याहून जास्त झाले की लघवीवाटे जातात. साताऱ्याच्या मंडईतला एक पेरू खाल्ला तरी दिवसभराचं व्हिटॅमिन सी भागतं. बी १२ ची गोष्ट मात्र निराळी. शाकाहारी घरांत ते खरोखर कमी पडतं. पण त्यासाठी रक्त तपासून डॉक्टर देतील ती गोळी घ्यायची, चवीच्या पाण्यावर विसंबून राहायचं नाही.

आता मुलीची निळी बाटली. यादी: पाणी, साखर, डेक्स्ट्रोज, आम्लता नियंत्रक, मीठ, पोटॅशियम फॉस्फेट, फ्लेवर, रंग (१३३). निळा रंग येतो तो फक्त त्या १३३ मुळे. समोर कुठेही 'शुगर फ्री' लिहिलेलं नाही, कारण लिहिता येणारच नाही. तिथे फक्त 'इलेक्ट्रोलाईट' आणि धावणाऱ्या माणसाचं चित्र. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोज, तीही एक प्रकारची साखरच. वेगवेगळी लिहिली की यादीत प्रत्येकाचं वजन हलकं दिसतं. म्हणून यादी वाचून झाली की खालचा तक्ता वाचायचाच. तुम्ही उतरवलेला तक्ता: १०० मिलीत २४ किलोकॅलरी, कार्बोहायड्रेट ६ ग्रॅम, ॲडेड शुगर ६ ग्रॅम, सोडियम ४५ मिलिग्रॅम. शेजारी 'सर्व्हिंग साईझ २०० मिली' आणि साखरेच्या पुढे '२४ टक्के'.

हे २४ टक्के नीट बघा. दिवसाला ५० ग्रॅम ॲडेड शुगर ही मर्यादा धरून टक्केवारी काढायची, असा लेबलाचा नियम आहे. २०० मिलीत १२ ग्रॅम, म्हणून २४ टक्के. हिशोब चोख. पण बाटली ५०० मिलीची आहे, आणि ग्राउंडवरून आलेली पोरगी दोनशे मिली मोजून पिऊन झाकण लावत नाही. अख्खी बाटली म्हणजे ३० ग्रॅम साखर, सपाट सहा चमचे, ६० टक्के. आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये काढलेल्या आहारविषयक सूचनांत तर दिवसाची साखर २५ ग्रॅमच्या आसपास ठेवा असं म्हटलंय. त्या मापानं एका बाटलीत दिवसाचा कोटा संपून वर सकाळ-संध्याकाळच्या चहाची साखर उरतेच.

तेव्हा तक्ता वाचताना एकच काम करायचं: १०० मिलीचा आकडा घ्यायचा, ५०० च्या बाटलीला पाचानं गुणायचं, आणि सर्व्हिंगचा रकाना सोडून द्यायचा. आणखी एक ओळ जोडीनं बघा. कार्बोहायड्रेट बरंच आणि साखर कमी असेल, तर यादीत माल्टोडेक्स्ट्रिन आहे का ते शोधा. ते साखरेच्या रकान्यात मोजलं जात नाही, पण पोटात जाऊन ग्लुकोजच होतं. धावणाऱ्याला ते चालतं, मधुमेह्याला नाही.

हे पेय मुळात आलं कुठून, तेही थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं पटेल. १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात रॉबर्ट केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या फुटबॉल संघासाठी पाणी, साखर, मीठ आणि लिंबू असं मिश्रण केलं. संघाचं नाव गेटर्स, म्हणून पेय झालं गेटोरेड. उन्हात तासन् तास खेळून घामानं निथळणाऱ्या पोरांसाठी ते होतं. नंतर त्याच घराण्यातून 'प्रोपेल' नावाचं फिटनेस वॉटर निघालं, जिममध्ये अर्धा तास घालवणाऱ्यांसाठी. गोडी स्वीटनरची, मीठ थोडं, वर व्हिटॅमिन्स. तुमच्या घरातल्या दोन बाटल्या या दोन जातींच्या आहेत, आणि दोन्ही चुकीच्या हातांत गेल्या आहेत.

मुलीचं बघा. भरतीत मुलींना ८०० मीटर धावायचं, १०० मीटर आणि गोळाफेक. तयारी कष्टाची आहे, त्यात वाद नाही. पण एका वेळी ग्राउंडवर तास-सव्वा तास, तेही सकाळच्या गारव्यात. एवढ्याला पाणी पुरतं. गेलेलं मीठ नाश्त्याच्या पोह्यांतून आणि दुपारच्या आमटीतून परत येतं. घामाच्या एका लिटरमध्ये सोडियम साधारण एक ग्रॅमच्या आसपास जातं, माणसागणिक कमीजास्त. तिच्या बाटलीत सव्वादोनशे मिलिग्रॅम. म्हणजे भरून काढायचं म्हटलं तरी बाटली ते काम अर्धवटच करते, आणि वर सहा चमचे साखर देते. तिला बाटलीपेक्षा ग्राउंडवरून आल्यावर काय खाते हे जास्त महत्त्वाचं आहे: दोन अंडी किंवा मोड आलेली मटकी, भाकरी, एक केळं. अकॅडमीत सगळ्या पोरींच्या हातात बाटली दिसते आणि आपल्याच हातात नसली की ओशाळं वाटतं, हे मी समजू शकते. चांगली स्टीलची बाटली घेऊन द्या, त्यात काय भरलंय ते कुणाला दिसत नाही.

उन्हाळ्यात संध्याकाळचं सेशन दीड-दोन तासांवर गेलं तर एक साधी परीक्षा करून बघा. जाण्याआधी आणि आल्यावर वजन करायचं. जेवढे किलो कमी, साधारण तेवढे लिटर पाणी गेलं. वजन अर्ध्या किलोनं उतरलं तर साधं पाणी आणि घरचं ताक पुरे. एक-दीड किलो उतरत असेल, कपड्यांवर पांढरे मिठाचे डाग पडत असतील, तर मीठ-साखर घातलेलं पाणी द्यायला हरकत नाही.

मिस्टरांचं उलट आहे. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि उतरून यायचं, एकवीस किलोमीटर, म्हणजे हौशी धावणाऱ्याला दोन-अडीच तास सहज. इतक्या वेळात स्नायूंतली साठवलेली साखर उतरणीला लागते. अशा धावण्यात तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट घ्या असं क्रीडा आहारात सांगतात. आणि त्यांच्या हातात कोणती बाटली, तर झीरो शुगर! तिच्यात १०० मिलीला २ किलोकॅलरी, म्हणजे धावण्यापुरतं नुसतं पाणीच. ज्या साखरेबद्दल मी मुलीला नाही म्हणाले, ती त्यांना रविवारी घाटात हवी आहे. निळी बाटली कुणाला द्यायचीच असेल तर त्यांना, रविवारी, धावताना घोट घोट. सोमवारी ऑफिसातल्या टेबलावर नाही.

त्याहून बरं म्हणजे घरी करा. एक लिटर पाणी, पाच-सहा सपाट चमचे साखर, पाव चमचा मीठ, एका लिंबाचा रस. चमचा म्हणजे चहाचा. यात पाचशे-सहाशे मिलिग्रॅम सोडियम जातं, तुमच्या दोन्ही बाटल्यांतल्या लिटरपेक्षा जास्त. खर्च पाच-सात रुपये, लिंबू महाग असेल त्या आठवड्यात दहा. साखरेऐवजी गूळ चालेल, पण गुळाचं पाणी फार वेळ बाटलीत ठेवू नका, उन्हात आंबतं. मीठ मात्र 'जरा जास्तच घालू, घाम फार येतो' असं करायचं नाही, मळमळतं. आणि तहान नसताना लिटरवर लिटर पाणी ढोसत धावायचं नाही, मग ते साधं असो की बाटलीतलं. रक्तात लिटरला तीन ग्रॅमहून जास्त सोडियम असतं, या पेयांत त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. अतोनात प्यायलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, चक्कर येते, गोंधळल्यासारखं होतं. लांब पल्ल्याच्या शर्यतींत यानं माणसं दगावली आहेत.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. या वयात रोज अजिंक्यतारा चढणारा माणूस आमच्यासारख्यांना लाजवतो. पण इलेक्ट्रोलाईट म्हणजे काही ताकदीचं औषध नव्हे, ते क्षार आहेत: सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम. आणि त्यांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं असणार. ते पितात त्या मिस्टरांच्या बाटलीत १०० मिलीला ३५ मिलिग्रॅम सोडियम आहे, अर्धी बाटली प्यायले तर ऐंशी-नव्वद. खरं सांगायचं तर जेवणातल्या एका पापडात याहून जास्त असेल. म्हणून 'बाटलीनं बीपी वाढलं' असं म्हणून भांडू नका, आधी लोणच्या-पापडाकडे बघा. पण गडावरून उतरून आलेल्या माणसाला या बाटलीची गरजही नाही. दोन पेले पाणी पुरतं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या डॉक्टरांना विचाराच. बीपीच्या काही गोळ्या, टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलच्या जातीच्या, रक्तातलं पोटॅशियम वाढवू शकतात. मूत्रपिंड थोडं कमी काम करत असेल तर जास्तच. या बाटलीत पोटॅशियम १०० मिलीला १० मिलिग्रॅम आहे, म्हणजे किरकोळ. एका केळ्यात साडेतीनशेच्या पुढे असतं. पण हल्ली पाण्यात टाकायच्या इलेक्ट्रोलाईटच्या पुड्या आणि फसफसणाऱ्या गोळ्या मिळतात, त्यांत ते बरंच जास्त असू शकतं. बाटलीची सवय झाली की माणूस पुडीकडे जातो. पुडी घरात येण्याआधी गोळीचं नाव आणि पुडीचं लेबल दोन्ही डॉक्टरांसमोर ठेवा.

धाकट्याच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. मिस्टरांच्या बाटलीवर एका कडेला बारीक अक्षरांत, तुम्ही उतरवलेल्या मजकुरात अगदी शेवटी, 'नॉट रेकमेंडेड फॉर चिल्ड्रन' ही ओळ आहे. कृत्रिम गोडी घातली की ती छापावी लागते. समोर लिंबाच्या दोन फोडी मोठ्या आणि ही ओळ मुंगीएवढी, याचा मला आजही राग येतो. एक-दोनदा प्याला म्हणून त्याला काही झालेलं नाही, डॉक्टरकडे धावू नका. काळजी वेगळी आहे. आठव्या वर्षी पाणी म्हणजे गोडच असतं असं जिभेला वाटायला लागलं की साधं पाणी मागे पडतं. शिवाय ही पेयं आंबट असतात आणि दातांवरचं आवरण आम्लानं झिजतं, साखर असो वा नसो. दिवसभर थोडं थोडं पीत राहिलं की जास्तच. फ्रीजच्या दारातून बाटल्या काढा आणि तिथे साध्या पाण्याच्या बाटल्या ठेवा. कोकम किंवा लिंबू सरबत हवं तर जेवणाच्या वेळी, पेल्यात, एकदाच.

आता तो दुकानदार. 'ओआरएसच आहे' हे त्याचं वाक्य मात्र साफ चूक आहे, आणि नुकसान करू शकेल असं आहे. ओआरएसचा फॉर्म्युला जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवलेला आहे. एक लिटर पाण्यात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराईड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. जुलाब होत असताना आतड्यात पाणी शोषलं जावं म्हणून मीठ आणि ग्लुकोजचं हे प्रमाण बसवलंय. लिटरला सोडियम १७०० मिलिग्रॅमच्या वर जातं. तुमच्या निळ्या बाटलीच्या लिटरमध्ये ४५० आणि साखर साठ ग्रॅम. जुलाब झालेल्या मुलाला ही दिली तर जास्तीची साखर आतड्यात उलट पाणी ओढते, जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष याच मुद्द्यावर काही वर्षं झगडत होत्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं आदेश काढला की या फॉर्म्युल्यात न बसणाऱ्या पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द चालणार नाही. घरात दोन-चार खऱ्या ओआरएसच्या पुड्या असू द्या. मेडिकलमध्ये घेताना पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या फॉर्म्युल्याचा उल्लेख आहे का ते बघून घ्या. रात्री-अपरात्री पुडी नसलीच तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. हे जुलाबासाठी. वर दिलेलं लिंबू-मिठाचं पाणी घाटासाठी. दोघांची गल्लत नको.

आणखी एक, अकॅडमीतल्या पोरींसाठी. त्याच रॅकवर, तशाच बाटलीत, एनर्जी ड्रिंकही ठेवलेलं असतं. त्यात कॅफीन असतं, लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅमपर्यंतची परवानगी आहे. त्यावर मुलांसाठी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी नाही, आणि दिवसाला ५०० मिलीच्या वर नको, असं छापावं लागतं. धावायच्या आधी हे पिऊन छातीत धडधडतं म्हणून घाबरणाऱ्या पोरी असतात. मुलीला एवढी एकच ओळ दाखवून ठेवा.

मिस्टरांचे मित्र पुण्याहून परदेशी बाटल्या आणतात असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. त्यावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि त्याचा चौदा आकडी एफएसएसएआय नंबर असलेलं स्टिकर हवं. नसेल तर ती बाटली रीतसर आलेली नाही, परत करा. अमेरिकेच्या लेबलावरचा 'झीरो कॅलरी' हा शब्दही जपून वाचा. तिथे एका सर्व्हिंगला पाचपेक्षा कमी कॅलरी असल्या की शून्य लिहिता येतं, आणि मोठ्या बाटलीत दोन-अडीच सर्व्हिंग निघू शकतात.

बाटलीवर नंबर नसेल, तारीख खोडलेली असेल, किंवा दुकानदार छापील किमतीपेक्षा जास्त घेत असेल तर नुसतं वाद घालून येऊ नका. बाटलीचे चारही बाजूंचे फोटो आणि बिल ठेवा. लेबलाची तक्रार एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर किंवा अन्न व औषध प्रशासनाच्या साताऱ्यातल्या कार्यालयात करा, किमतीची १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर. बिल देत नाही म्हणाला तर फोन-पेचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, तोही चालतो.